कोकणकडा आणि वरची हवा

हरिश्चंद्रगडाचा इतिहास लिहिणारे बहुधा चांगदेवांच्या वास्तव्यापासून आरंभ करतात, मोगल-मराठ्यांच्या झुंजींवरून पुढे येतात आणि १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेला की लेखणी खाली ठेवतात. त्यानंतर गडावर सांगण्याजोगे काही घडलेच नाही, अशी सर्वांची समजूत दिसते. पण राज्य गेल्यावर बारातेरा वर्षांच्या आतच याच गडाच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्यावर, एक लहानशी गोष्ट घडली. तिला गडाच्या बखरीत जागा मिळाली नाही. तिची नोंद मिळते ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १८३५ च्या प्रबंधसंग्रहात. त्या नोंदीपासून निघालेला एक धागा धरून चालत गेले, तर आपण वातावरणाच्या अगदी वरच्या थरापर्यंत जाऊन पोचतो. तो धागा मला या लेखात उलगडून दाखवायचा आहे.

नोंद करणारा गृहस्थ म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९० चा. १८०४ मध्ये तो कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी झाला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढला होता. पुढे १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्याला नव्याने जिंकलेल्या दख्खनच्या मुलखाची शास्त्रशुद्ध माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. गावे किती, माणसे किती, जमिनीचा धारा काय, मापे-वजने कोणती, पिके कोणती, हे सारे त्याने मोजावयाचे होते. जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करणे हा जेत्याचा पहिला उद्योग असतो आणि त्यात परोपकाराचा भाग थोडाच असतो, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु साइक्सची जिज्ञासा त्याच्या हुकूमनाम्यापेक्षा मोठी होती. धाऱ्याबरोबर त्याने पाखरे मोजली, नद्यांतले मासे मोजले आणि शेवटी हवाही मोजली. दख्खनच्या माळावरच्या एका चंडोलाला पक्षिशास्त्रात आजही त्याचे नाव आहे.

हवा मोजण्याची त्याची साधने दोन होती. एक पाऱ्याचा वायुभारमापक आणि दुसरे उष्णतामापक. १८२५ ते १८३० या वर्षांत, डेऱ्यात असो की गडावर, तो ठरल्या वेळी पारा वाचीत असे. या वाचनांतून त्याच्या लक्षात आले की दख्खनच्या हवेला समुद्रासारखी भरती-ओहोटी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पारा सर्वांत वर असतो, दुपारी चार-पाचला खाली येतो, रात्री दहा-अकराला पुन्हा चढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. हा चढउतार इंचाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. पण पाऊस असो, वादळ असो, दिवसाचा हा क्रम चुकल्याचे हजारो वाचनांत त्याला आढळले नाही. याच निबंधाचे नाव 'दख्खनमधील वातावरणाच्या भरती-ओहोटी व हवामान' असे आहे.

पाऱ्याचा दुसरा उपयोग उंची काढण्याचा. समुद्रकाठी तीस इंचांच्या आसपास असणारा पारा हरिश्चंद्रगडाच्या ४,६७१ फूट माथ्यावर पंचवीस इंचांपर्यंत उतरतो. मात्र काचेची तीनफुटी नळी घोड्यावरून घाट चढताना शाबूत राहणे कठीण. तेव्हा पाणी उकळून त्यात उष्णतामापक धरण्याची युक्ती आली. साधारण साडेपाचशे फूट चढले की पाण्याचा उकळबिंदू फॅरनहाइटच्या एका अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडावर पाणी २१२ ऐवजी २०३-२०४ अंशांवरच उकळू लागते. एक चूल, एक भांडे आणि एक उष्णतामापक एवढ्यावर डोंगराची उंची काढता येते, हे साइक्सने पुढे १८३८ मध्ये लंडनच्या भूगोल-संस्थेच्या नियतकालिकात प्रवाशांसाठी सविस्तर लिहिले. गडावर डाळ शिजायला वेळ लागतो ही आपल्या आयाबहिणींची तक्रार आणि साइक्सचे हे शास्त्र, दोहोंचे मूळ एकच आहे.

आता ती गोष्ट. पावसाळी दिवस होते. साइक्स आपल्या माणसांसह कोकणकड्याच्या धारेवर उभा होता. कोकणातून चढत आलेले धुके कड्याच्या पातळीहून थोडे वर उठले होते, पण माथ्यावर पसरत नव्हते. सूर्य पूर्वेला, म्हणजे त्याच्या पाठीशी होता. समोरच्या धुक्यात त्याला पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले. अर्धे त्याच्या पायांच्या पातळीवर, अर्धे खाली. मध्यभागी त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत चित्र बसवावे तशी स्पष्ट. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा असा त्याचा अंदाज. आज आपण या दृश्याला इंद्रवज्र म्हणतो, आणि ते पाहायला पावसाळ्यात शेकडो मंडळी पाचनई आणि खिरेश्वरच्या वाटेने गड चढतात.

येथे एक दुरुस्ती करून ठेवतो. साइक्सने हे दृश्य १८३५ साली पाहिले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. १८३५ हे निबंध प्रसिद्ध झाल्याचे साल आहे. साइक्सचे पद १८२९ च्या अखेरीस रद्द झाले, उरलेले काम पुरे करून १८३१ च्या आरंभी तो मोकळा झाला आणि त्याच वर्षी मायदेशी गेला. कड्यावरचा तो दिवस त्याआधीच्या दौऱ्यांतला आहे.

या नोंदीतला जो भाग लोक सहसा सांगत नाहीत, तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. साइक्स सांगतो की धुक्यात दिसणाऱ्या आकृती आपल्याच सावल्या आहेत यावर त्याच्या माणसांचा विश्वास बसेना. मग त्यांनी हात हलवून पाहिले, पाय उचलून पाहिले, अंग वेडेवाकडे करून पाहिले. वर्तुळातल्या आकृतीही तसेच करतात, हे पाहिल्यावर हळूहळू त्यांची भीती ओसरली. साहेबाने या भीतीला अंधश्रद्धा म्हटले. ते घटकाभर मान्य करू. पण त्या माणसांनी पुढे जे केले, त्याला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. समोर दिसते त्याविषयी शंका घ्यावी, आपण एक बदल करावा, समोर काय बदलते ते पाहावे आणि मग निर्णय घ्यावा, यालाच प्रयोग म्हणतात. त्या दिवशी कोकणकड्यावर साइक्सने दृश्य टिपून घेतले आणि प्रयोग मात्र त्या अनाम माणसांनी केला. त्यांची नावे निबंधात नाहीत.

साइक्स इंग्लंडला परतला तो हवेचे वेड घेऊनच. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पुढे कंपनीचा संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाला. १८५७ पासून तो ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटात बसू लागला. त्या काळी शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न होता. डोंगर चढले की हवा विरळ होते, गार होते, हे खरे. पण ती वेगळी होते काय? म्हणजे खालच्या हवेत जे वायू ज्या प्रमाणात आहेत, तेच वायू त्याच प्रमाणात वरही आहेत काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर फ्रान्समध्ये मिळाले होते. १६ सप्टेंबर १८०४ रोजी गे-ल्यूसॅक हा रसायनशास्त्रज्ञ एकटा फुग्यात बसून सुमारे २३,००० फुटांपर्यंत गेला. बरोबर त्याने हवा काढून टाकलेल्या बाटल्या नेल्या होत्या. त्या वर उघडून भरून घेतल्या आणि खाली आणून तपासल्या. प्राणवायूचे प्रमाण पॅरिसच्या रस्त्यावर जेवढे, तेवढेच वर निघाले. १८५२ मध्ये लंडनहून जॉन वेल्शने फुग्यातून आणलेल्या हवेचाही असाच निकाल लागला. हवा वरखाली एकच, असे ठरल्यासारखे झाले.

हे उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. हवेत नत्रवायू शेकडा ७८, प्राणवायू शेकडा २१ आणि आरगॉन जवळजवळ शेकडा १. या तिघांची बेरीज केली की शंभरात फारसे काही उरत नाही. पण जे चिमूटभर उरते, त्यातच कर्बवायू आहे, मिथेन आहे, ओझोन आहे. भातात मीठ किती, हे भाताच्या वजनावरून कळत नाही. हवेच्या बाबतीतही तसेच आहे. वरच्या आणि खालच्या हवेतला फरक तिच्या मोठ्या भागात नसून या चिमटीत आहे आणि चिमूट मोजण्याची हातोटी १८०४ मध्ये कोणाजवळच नव्हती.

१८५८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने फुग्यातून वातावरणाची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचा अध्यक्ष कर्नल साइक्स. पहिले प्रयत्न फसले, तरी समितीने काम सोडले नाही, आणि १८६२ पासून ग्रिनिच वेधशाळेतल्या जेम्स ग्लेशरने हेन्री कॉक्सवेल या फुगेवाल्याबरोबर आपली प्रसिद्ध उड्डाणे सुरू केली. कोकणकड्यावरचे धुके पाहिले म्हणून साइक्सने ही समिती काढली, असे मी म्हणणार नाही. पण पाचपन्नास गड पारा हातात धरून चढलेल्या माणसाला, डोंगर संपला की मोजणी संपते याची खंत वाटली असेल, असे म्हणायला हरकत नाही. गडाला माथा असतो, हवेला तो इतक्या लवकर लागत नाही.

समितीने ग्लेशरला जी कामे नेमून दिली होती, त्यांत उष्णता आणि दमटपणा यांच्याबरोबर आणखी दोन होती. निरनिराळ्या उंचीवरची हवा गोळा करून आणणे हे एक, आणि कागदाने ओझोन तपासणे हे दुसरे. शनबाइन या शास्त्रज्ञाने १८३९-४० च्या सुमारास ओझोन ओळखला आणि त्यासाठी एक सोपी कसोटी काढली. खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद हवेत टांगावा. ओझोन असेल तर आयोडीन सुटे होते आणि खळ निळी पडते. निळा रंग जितका गडद, तितका ओझोन अधिक. असे कागद घेऊन ग्लेशर वर गेला.

५ सप्टेंबर १८६२ चे त्याचे उड्डाण फार गाजले. वुल्व्हरहॅम्प्टनहून निघालेला फुगा २९,००० फुटांच्या वर गेला आणि ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीने लुळे पडले होते. त्याने झडपेची दोरी दातांत धरून ओढली, वायू सोडला आणि फुगा खाली आणला. शुद्धीवर येताच ग्लेशरने पहिली गोष्ट केली ती पेन्सिल उचलून वाचने लिहिण्याची. एवढे होऊनही ओझोनच्या कागदांनी मात्र निश्चित उत्तर दिले नाही. दमटपणा, वारा, ऊन या सर्वांचा रंगावर परिणाम होतो. कागदाला 'आहे की नाही' एवढे सांगता येते, 'किती' ते सांगता येत नाही. साइक्स १८७२ मध्ये वारला तेव्हा प्रश्न तसाच होता.

पुढे प्रश्नाला उत्तर मिळाले ते प्रकाशाच्या वाटेने. सूर्याच्या वर्णपटाचा अतिनील भाग जमिनीवर एकाएकी तुटल्यासारखा दिसतो. हार्टलेने १८८१ मध्ये दाखवले की तो भाग ओझोन गिळतो. इंग्लंडमध्ये डॉब्सनने या गिळण्यावरून ओझोन मोजण्याचे यंत्र तयार केले आणि १९२८ मध्ये जगात दूरदूर पाठवलेल्या यंत्रांपैकी एक आपल्या कोडाईकनालला आले. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाखाली आणि शून्य अंशाच्या थंडीत दाबून बसवला, तर त्याचा थर आपल्याकडे जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर भरेल. शेतकऱ्याच्या पाठीवर पडणारे ऊन सोसवते ते या अडीच मिलिमीटरांमुळे.

आता प्रश्न उरला तो हा थर कोणत्या उंचीवर आहे याचा. स्वित्झर्लंडच्या गोट्झला १९२९ मध्ये स्पिट्सबर्गेनला एक नवल दिसले. सूर्य मावळतीला जाताना डोक्यावरच्या आकाशातून येणाऱ्या दोन अतिनील किरणांचे परस्परप्रमाण घसरत जाते आणि एका क्षणी उलट फिरते. या उलट फिरण्यातच ओझोनची उंची लपलेली होती. ओझोनचा मध्य ४०-५० किलोमीटरवर नसून २२ च्या आसपास आहे, हे त्यावरून १९३४ मध्ये सिद्ध झाले. पण ही सारी मोजणी थंड देशांतली. आपल्याकडच्या आकाशाचे काय? ते सांगितले डॉ. के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी. १९४९ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा उष्ण प्रदेशांवरील ओझोनच्या उभ्या मांडणीविषयीचा निबंध आला. पुढे आर. एन. कुलकर्णी यांनीही रामनाथन यांच्याबरोबर हे काम नेले. आपल्याकडे ओझोन कमी असतो आणि त्याचा दाट थर थंड देशांतल्यापेक्षा अधिक उंचावर असतो. तळच्या ऊनपावसाने आपल्याकडची खालची हवाच इतकी वर फुगलेली असते की ओझोनला वर सरकावे लागते.

हे सर्व अनुमान होते. हात घालून पाहणे बाकी होते. ते पुण्याला घडले. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले होते. तेथील उपकरण विभागात १९४८ मध्ये ॲना मणी रुजू झाल्या आणि त्यांच्या देखरेखीखाली सी. आर. श्रीधरन यांनी १९६० नंतरच्या दशकात देशी ओझोनमापक तयार केला. रबरी फुग्याला बांधलेली एक हलकी पेटी. तिच्यात एक लहान पंप बाहेरची हवा ओढतो आणि ती एका द्रावणातून बुडबुड्यांनी जाऊ देतो. ओझोनच्या प्रमाणात तेथे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि बिनतारी संदेशाने तो खाली कळतो. फुगा तीसेक किलोमीटर चढून फुटतो. पण आता द्रावणाकडे पाहा. ते कशाचे? पोटॅशियम आयोडाइडचे! साइक्सच्या समितीने ग्लेशरच्या हाती दिलेल्या कागदावर जे क्षार होते, तेच शंभर वर्षांनी पुण्याच्या फुग्यातून वर गेले. कागदाला जे 'किती' सांगता आले नाही, ते विजेच्या मोजमापाने सांगितले. पुण्याहून सोडलेले फुगे हिवाळ्यात वरच्या पश्चिम वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात आणि त्या दिशेला श्रीगोंदे आणि कर्जत हे नगर जिल्ह्याचेच तालुके येतात. ज्या जिल्ह्यात साइक्सने पारा वाचला, त्याच जिल्ह्याकडे हे झुकत जाणे हा योगायोग खरा, पण गोड आहे.

ओझोननंतर इतर चिमटींची पाळी आली. १९८७ आणि १९९० मध्ये हैदराबादहून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने आणि जर्मन शास्त्रज्ञांनी मिळून मोठे फुगे सोडले. त्यांत द्रवरूप निऑनने थंड केलेल्या नळ्या होत्या. निरनिराळ्या उंचीवर त्या उघडत, हवा आत गोठून साठे आणि पेटी जमिनीवर आली की तपासणी होई. गे-ल्यूसॅकच्या बाटल्यांचेच हे वारस. यंत्रांतला थंडावा निर्माण करणारे मानवनिर्मित क्लोरीनयुक्त वायू तपांबर ओलांडून स्थितांबरात पोचले आहेत आणि तेथे उन्हाने फुटून विरळ होत जातात, हे आपल्याच आकाशात मोजले गेले. १९८७ च्याच सप्टेंबरात माँट्रियलचा करार झाला. १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला.

कर्बवायू आणि मिथेन यांची मोजणी गोव्याच्या काबो-द-रामा या समुद्रकाठच्या टोकावर १९९३ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात तेथे दक्षिण गोलार्धातली स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात आपल्या चुली, शेते आणि गाड्या यांची. २००९ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिंहगडावर हवेच्या बाटल्या भरण्यास आरंभ केला. सिंहगडाच्या लौकिकात ही भर मला कमी मोलाची वाटत नाही. साइक्सच्या काळी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८५ भाग होते, हे ध्रुवप्रदेशांतल्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून समजते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्याने श्वास घेतला ती हवा आणि आपली हवा चिमटीच्या हिशेबाने एक राहिलेली नाही.

आणि शेवटी कोकणकड्याचे ते वर चढणारे धुके. २००८ मध्ये जर्मनीहून चेन्नईला जाणाऱ्या प्रवासी विमानातून दहा-बारा किलोमीटर उंचीवरची हवा तपासली गेली. मोसमी पावसाच्या महिन्यांत आपल्या उपखंडावर इतक्या उंचीवरही मिथेन वाढलेला सापडला. भाताची खाचरे, गुरेढोरे यांतून निघालेला वायू मोसमी ढग उचलून वर नेतात. कड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू वारा परत वर आणतो, हे कोकणकड्यावर कोणीही पाहू शकतो. तेच काम सबंध मोसमी हवा दहा किलोमीटरपर्यंत करते. आपण खाली जे सोडतो, ते खाली राहत नाही.

म्हणून हा इतिहास नुसत्या कौतुकाचा नाही. ओझोन वर असला तर आपले रक्षण करतो आणि तोच खाली जमिनीलगत वाढला तर फुप्फुसांना आणि गव्हाच्या पानांना जाळतो. वायू तोच, चिमूट तीच. कोणत्या उंचीवर आहे त्यावर तो मित्र की शत्रू हे ठरते. ती उंची जमिनीवर बसून तर्काने कळत नाही. तेथवर जाऊन किंवा तेथली हवा खाली आणूनच ती कळते, आणि तीही एकदा जाऊन भागत नाही. साइक्सला भरती-ओहोटीचा नियम सापडला तो सहा वर्षे रोज पारा वाचला म्हणून. वरच्या हवेचे वर्षानुवर्षांचे टिपण एकदा तुटले की मधली वर्षे पुन्हा कधी मोजता येत नाहीत. गेलेली हवा परत येत नाही. दर आठवड्याला गडावर बाटली भरणारा, पहाटे फुगा सोडणारा, आकडे उतरून घेणारा माणूस निबंधाच्या मथळ्यावर नसतो. त्याच्यावाचून निबंध मात्र होत नाही.

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलले तरी कोकणकडा आणि कळसूबाई जागच्या जागी आहेत आणि पावसाळ्यात कोकणातून धुके तसेच चढून येते. जिल्ह्याच्या इतिहासात गड कोणी घेतला आणि कोणी सोडला याबरोबर आणखी एक ओळ असावी असे मला वाटते. येथे, एका पावसाळी दिवशी, काही माणसांनी समोरच्या धुक्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी आपला हात हलवून पाहिला. त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण वरच्या हवेचे सारे शास्त्र पुढे त्यांच्याच रीतीने चालले.